सॅन अँटोनिओचा चौक: शिजवलं कोणी, विकलं कोणी

मेक्सिकन आणि अमेरिकन खाण्याच्या सरमिसळीचा विषय निघाला की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "ते टॅको-बिको काही खरं मेक्सिकन नाही हां." मग खरं काय, खोटं काय यावर तासभर चर्चा, आणि त्यात हे शिजवत कोण होतं, विकत कोण होतं आणि पैसा कोणाच्या गल्ल्यात गेला हे विचारायचं राहूनच जातं. मला तो खऱ्या-खोट्याचा वाद आता खरंच कंटाळवाणा वाटतो. म्हणून इथे एकच प्रकरण घेतलंय, टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ शहर, त्यातलेही दोनतीन चौक, आणि त्या चौकांत एकत्र नांदलेल्या तीन गोष्टी: खाणं, गाणं, बोलणं. तिघींची सरमिसळ एकाच ठिकाणी, एकाच लोकांकडून झाली पण पुढे तिघींचं नशीब अगदी वेगवेगळं निघालं, आणि ते तसं का निघालं हेच बघायचंय.

आधी थोडा इतिहास, पटकन. सॅन अँटोनिओची सुरुवात १७१८ ची, स्पॅनिश मिशन आणि लष्करी ठाणं म्हणून. १७३१ मध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवरून काही कुटुंबं आणून वसवली. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा हे शहर मेक्सिकोत आलं, १८३६ मध्ये टेक्सास वेगळं प्रजासत्ताक झालं, १८४५ च्या अखेरीस अमेरिकेत सामील झालं, आणि १८४८ च्या तहाने सीमा रिओ ग्रांदे नदीवर पक्की झाली. म्हणजे तिथल्या जुन्या मेक्सिकन घरांतली माणसं कुठून आलीच नव्हती, ती होती तिथेच होती, बदलला तो झेंडा. (नंतर १९१० च्या मेक्सिकन क्रांतीत खूप लोक पळून आले, ते वेगळे.) आणि या गोष्टीत एक तिसरा पक्ष आहे जो लोक विसरतात, तो म्हणजे जर्मन. १८४५ मध्येच सॅन अँटोनिओच्या ईशान्येला पन्नासेक किलोमीटरवर जर्मन लोकांनी न्यू ब्राउनफेल्स नावाचं गाव वसवलं, शिवाय आसपास चेक आणि पोलिश लोकांच्याही वस्त्या होत्या. हे लोक नसते तर पुढची निम्मी गोष्ट घडलीच नसती.

आता चौक. शहराच्या मधोमध सॅन फर्नांडो चर्चच्या मागे मिलिटरी प्लाझा, स्पॅनिश लोक त्याला प्लाझा दे आर्मास म्हणायचे. तिथे सकाळी भाजीपाला, लाकूडफाटा, गवत, कोंबड्या असा बाजार भरायचा आणि अंधार पडायला लागला की बाजार उठून त्याच जागी लांबच लांब टेबलं आणि बाकडी लागायची. मेक्सिकन बायका घरून भांडी भरून गाडीवर घालून आणायच्या, मेस्किटच्या लाकडाच्या विस्तवावर ती गरम ठेवायच्या, टेबलावर कंदील. जेवण म्हणजे चिली कॉन कार्ने, सोबत उकडलेले फ्रिहोलेस (राजम्यासारखे दाणे), टॉर्टिया (मक्याची पोळी), तमाले (मक्याच्या पिठात सारण भरून, पानात गुंडाळून वाफवलेले), कधी एंचिलाडा (टॉर्टियाची गुंडाळी, वर मिरचीचा रस्सा). दहा सेंटला वाटी मिळायची. गिऱ्हाईक कोण, तर सगळेच. गाडीवान, गुराखी, सैनिक, थिएटरहून परतणारे सुटाबुटातले गोरे, आणि १८७७ मध्ये रेल्वे आल्यावर हिवाळ्यात हवापालटाला येणारे उत्तरेकडचे पर्यटक. टेबलांमधून गिटार घेऊन गाणारे फिरायचे, त्यांना पैसे दिले तर तुमच्या टेबलाशी उभं राहून गाणार.

या बायकांना पुढे "चिली क्वीन्स" म्हणायला लागले. ते नाव ऐकायला झकास आहे पण त्यामागे पेपरवाल्यांची बरीच रंगरंगोटी आहे, केसात फूल माळलेली, डोळे मिचकावणारी मेक्सिकन सुंदरी वगैरे. प्रत्यक्षात हा घरचा धंदा होता, अख्खं कुटुंब राबायचं, आणि दिवसभर घरी चूल पेटवून रात्रभर उघड्यावर उभं राहायचं यात रोमँटिक काय आहे ते लिहिणाऱ्यांनाच माहीत. १८९५ मध्ये लेखक स्टीफन क्रेन इथे येऊन गेला आणि त्याने लिहिलं की या खाण्याची चव नरकातली भट्टीची वीट कुटून केल्यासारखी आहे. तिखट लागलं, दुसरं काय.

पण चिली कॉन कार्ने हा पदार्थ नक्की कोणाचा हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. गोमांसाचे बारीक तुकडे, सुकी आंचो मिरची, लसूण, ओरेगानो आणि जिरं. मेक्सिकोत मिरचीत शिजवलेल्या मांसाचे शेकडो प्रकार आहेत, पण इतकं गोमांस आणि इतकं जिरं ही टेक्सासची खोड, कारण तिथे गुरं मुबलक. मेक्सिकोच्या आतल्या भागातल्या लोकांना हा पदार्थ आपला वाटत नव्हता आणि आजही वाटत नाही. १९५९ मध्ये निघालेल्या मेक्सिकन शब्दांच्या एका जाडजूड कोशात चिली कॉन कार्नेची नोंद चक्क "मेक्सिकन असल्याचं खोटं नाव लावून टेक्सासपासून न्यूयॉर्कपर्यंत विकला जाणारा किळसवाणा पदार्थ" अशा अर्थाची आहे. म्हणजे अमेरिकन म्हणणार हे मेक्सिकन, मेक्सिकन म्हणणार हे अमेरिकन, आणि ज्यांनी तो केला ते सॅन अँटोनिओचे तेहानो, म्हणजे टेक्सासचेच मेक्सिकन लोक, मधल्या मध्ये. टेक्सास सरकारने मात्र १९७७ मध्ये चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ करून टाकलं. तोवर त्या बायकांना चौकातून उठवून पस्तीसेक वर्षं होऊन गेली होती.

उठवण्याची सुरुवात तशी आधीच झाली होती. १८८९ ते १८९१ मध्ये मिलिटरी प्लाझाच्या बरोब्बर मधोमध नवीन सिटी हॉल बांधला, तो अजून तिथेच आहे. टेबलं हलली. कधी अलामो प्लाझा, कधी मिलाम प्लाझा, कधी गवतबाजाराचा हेमार्केट प्लाझा, ज्याला लोक प्लाझा देल साकाते म्हणायचे. गंमत बघा, एकीकडे शहरात त्यांना इथून तिथे ढकलत होते आणि दुसरीकडे १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात "सॅन अँटोनिओ चिली स्टँड" मांडून तोच पदार्थ लाखो लोकांना दाखवत होते.

त्याच सुमारास न्यू ब्राउनफेल्समध्ये विल्यम गेबहार्ट नावाचा एक जर्मन माणूस सलूनच्या मागे छोटं कॅफे चालवायचा. त्याच्याकडे चिलीला गिऱ्हाईक होतं पण अडचण अशी की मिरची सीझनलाच मिळायची. मग त्याने मेक्सिकोतून आंचो मिरच्या मोठ्या प्रमाणात मागवून सुकवल्या आणि घरगुती मांस दळायच्या यंत्रातून तीन-तीनदा काढून त्याची पूड केली, त्यात जिरं, ओरेगानो वगैरे मिसळलं. हे साल १८९४. आधी नाव "टाम्पिको डस्ट", मग १८९६ मध्ये गेबहार्ट्स ईगल ब्रँड चिली पावडर असा ट्रेडमार्क, आणि कारखाना सॅन अँटोनिओत. आपल्याकडच्यांसाठी एक खुलासा: अमेरिकन रेसिपीत "चिली पावडर" लिहिलेलं असतं ते आपलं लाल तिखट नाही, तो हा तयार मसाला आहे. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये नव्याने गेलेली मराठी मंडळी दुकानातून ती बाटली आणून बटाट्याच्या भाजीत घालतात आणि मग भाजीला हा कसला वास येतोय म्हणून विचारत बसतात, त्याचं मूळ या माणसाच्या यंत्रात आहे.

गेबहार्टला चोर म्हणायचं का? मला नाही वाटत. मिरची टिकवायची कशी हा खरा प्रश्न होता आणि तो त्याने स्वतःच्या हाताने सोडवला. शिवाय पदार्थाचं पेटंट कोणाकडे नव्हतं. पण त्या बाटलीने एक काम केलं जे त्याच्याही डोक्यात नसेल: चिली करायला आता चिलीवाली लागेना. ओहायोतल्या कोणत्याही गोऱ्या बाईला पुडी, मांस आणि पाणी एवढ्यावर भागायला लागलं, कंपनीने तर त्यासाठी "मेक्सिकन" स्वयंपाकाच्या पुस्तिकाही छापल्या, आणि पुढे तयार चिली डब्यात भरूनही विकली. चव सुटी झाली आणि माणूस मागे राहिला.

हाच प्रकार पुढे दोनदा झाला. १९०० मध्ये शिकागोहून आलेल्या ओटिस फार्न्सवर्थने सॅन अँटोनिओत "ओरिजिनल मेक्सिकन रेस्टॉरंट" काढलं, स्वयंपाकी मेक्सिकन, मालक आणि गिऱ्हाईक गोरे, पांढरे टेबलक्लॉथ, आणि पुरुषांना कोट घातल्याशिवाय प्रवेश नाही. आज टेक्स-मेक्स (म्हणजे टेक्सासच्या धाटणीच्या मेक्सिकन) हॉटेलांत जी एकाच ताटात एंचिलाडा, तमाले, भात, फ्रिहोलेस अशी ठरलेली थाळी मिळते तिचं श्रेय बऱ्याचदा त्यालाच देतात. आणि "ओरिजिनल" हे नाव त्याने ठेवावं, ज्याच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर खरी टेबलं लागत होती, याला काय म्हणायचं! दुसरी गोष्ट १९३२ ची. गुस्तावो ओल्गीन नावाचा मेक्सिकन माणूस सॅन अँटोनिओत मक्याच्या पिठाच्या तळलेल्या पट्ट्या विकायचा, त्याला मायदेशी परत जायचं होतं, म्हणून त्याने रेसिपी, बटाटे दाबायच्या साच्यात फेरफार करून बनवलेलं एक यंत्र आणि एकोणीस दुकानांची गिऱ्हाइकी असं सगळं चार्ल्स एल्मर डूलिनला शंभर डॉलरला विकलं. ते फ्रिटोज. मंदीच्या काळात शंभर डॉलर म्हणजे कमी नव्हते आणि सौदा राजीखुशीने झाला, तरी आज फ्रिटो-ले कंपनीकडे बघितलं की पोटात कसंतरी होतं खरं.

आता गाणं. इथे गोष्ट जरा वेगळं वळण घेते.

जर्मन आणि चेक लोकांनी येताना बटणांचं अकॉर्डियन आणलं, आणि पोल्का, वॉल्ट्झ, शॉटिश हे नाच. त्यांच्या नाचांच्या कार्यक्रमात, शेतावर, बाजारात मेक्सिकन मजुरांच्या कानावर ते पडायचं. वाद्य स्वस्त, दणकट, आणि एकटा माणूस अख्खा नाच वाजवू शकतो, त्यामुळे गरीब लोकांच्या लग्नाकार्यात ते घुसलं. आपल्याकडे युरोपातून आलेली बाजाची पेटी संगीत नाटकात आणि कीर्तनात जशी मुरली की आता ती बाहेरची होती हेही सांगावं लागतं, तसंच. सॅन अँटोनिओचं हिमेनेझ घराणं याचं सरळ उदाहरण आहे: आजोबा पात्रिसिओ जर्मन लोकांचं ऐकून अकॉर्डियन शिकले, मुलगा सांतियागो रेकॉर्डवर पोचला, आणि नातू फ्लाको हिमेनेझ जगभर.

पण नुसतं जर्मन पोल्का मेक्सिकन बोटांनी वाजवलं एवढ्याने नवीन संगीत होत नाही. ते झालं एका छोट्या तांत्रिक गोष्टीने. अकॉर्डियनला उजव्या हाताला सुरावटीची बटणं आणि डाव्या हाताला खर्जाची आणि साथीची बटणं असतात, जर्मन वादक दोन्ही वापरायचे. नार्सिसो मार्तिनेझ नावाचा रिओ ग्रांदे खोऱ्यातला वादक, जन्म १९११, त्याने डावा हात जवळजवळ सोडूनच दिला. कारण त्याच्याबरोबर सांतियागो अल्मेइदा होता, बाहो सेक्स्तो वाजवणारा. बाहो सेक्स्तो म्हणजे बारा तारांचं, गिटारसारखंच पण खर्जात लावलेलं वाद्य. खर्ज आणि ताल त्याने सांभाळला की अकॉर्डियनचा उजवा हात मोकळा, मग तो झपाझप, तुटक, नाचरा सूर धरू शकतो. वाद्य जर्मन, नाच बोहेमियन, साथ मेक्सिकन, आणि जे निघालं ते यांपैकी कोणाचंच नाही. त्याला कॉनहुंतो म्हणतात. बसून जर्मन पोल्का ऐका आणि मग मार्तिनेझची एखादी १९३६ ची रेकॉर्ड ऐका, डाव्या हाताची ती पोकळी चक्क ऐकू येते.

त्या रेकॉर्ड सॅन अँटोनिओच्याच ब्लू बॉनेट हॉटेलात झाल्या. त्या काळी कंपन्या हॉटेलच्या खोल्या भाड्याने घेऊन, माइक लावून, गावोगावचे वादक रांगेने बोलवून रेकॉर्डिंग करायच्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच शहरातल्या गुंटर हॉटेलात ब्लूज गाणारा रॉबर्ट जॉन्सन रेकॉर्ड करत होता, म्हणजे एकाच शहरात किती काय शिजत होतं ते बघा. मार्तिनेझच्या तबकड्या ब्लूबर्ड कंपनीने काढल्या आणि इतक्या चालल्या की कंपनीने एक शक्कल लढवली, त्याच तबकड्या लुइझियानातल्या केजन (फ्रेंच बोलणाऱ्या) लोकांना "लुइझियाना पीट" या नावाने आणि पोलिश लोकांना "पोल्स्की क्वार्तेत" या नावाने विकल्या! वाजवणारा एकच माणूस, जो टेक्सासच्या दक्षिण टोकाला शेतात राबायचा. पोलिश घरात आजोबा डोळे मिटून आपल्या गावचं संगीत म्हणून ऐकत असतील आणि वाजवतोय कोण तर नार्सिसो मार्तिनेझ. वादकांना तेव्हा तबकडीमागे ठराविक रोख रक्कम मिळायची, विक्रीचा वाटा नाही. मार्तिनेझ पुढे ट्रक चालवायचा आणि उतारवयात ब्राउन्सविलच्या प्राणिसंग्रहालयात जनावरं सांभाळायचा. १९८३ मध्ये त्याला अमेरिकेचा राष्ट्रीय लोककला सन्मान मिळाला.

चौकाशी गाण्याचं नातं बघायचं तर लिडिया मेंडोझा. जन्म १९१६, ह्यूस्टन. आईवडील, भावंडं सगळे गाणारे, आणि मंदीच्या दिवसांत हे कुटुंब सॅन अँटोनिओच्या प्लाझा देल साकातेमध्ये, म्हणजे त्याच चिलीच्या टेबलांच्या गर्दीत, रात्री भाजीचे ट्रक भरले जात असताना, पडतील त्या नाण्यांवर गायचं. तिथे रेडिओवरच्या मानुएल कोर्तेझने तिला ऐकलं आणि आपल्या कार्यक्रमात बोलवलं, आठवड्याला साडेतीन डॉलर. १९३४ मध्ये बारा तारांची गिटार घेऊन तिने एकटीने गायलेलं, फसवणाऱ्या पुरुषाला शिव्या घालणारं गाणं रेकॉर्ड झालं आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना गाजलं. त्याचे शब्द तिला लहानपणी च्युइंग गमच्या कागदावर छापलेले मिळाले होते. गमच्या वेष्टनातून शब्द, टँगोची चाल, मेक्सिकन गळा, अमेरिकन रेकॉर्ड कंपनी. १९९९ मध्ये तिला राष्ट्रीय कला पदक मिळालं.

म्हणजे पैशाच्या बाबतीत गाण्यातही तीच कथा. फरक एवढाच, आणि माझ्या मते तो मोठा आहे, की मार्तिनेझची पूड करता येत नव्हती. नाव बदलून विकता येत होतं, पण पुढची तबकडी हवी तर परत त्यालाच बोलवायला लागायचं. वाद्य शिकायचं तर त्याच्या शेजारी बसायला लागायचं. म्हणून या संगीताची वंशावळ नावांसकट शिल्लक आहे, आणि चिलीवाल्या बायकांची नावं मोजकी दोनचार सोडली तर गेली.

चौक शेवटी बंद पडला तो स्वच्छतेवरून. १९३७ मध्ये आरोग्य खात्याने नियम कडक केले आणि टेबलं उठवली. इथे एकतर्फी बोलणं बरोबर नाही. उघड्यावरचं अन्न, वाहतं पाणी नाही, तीच भांडी विसळून परत वाढायची, हे धोक्याचं होतंच, आणि त्या काळात सॅन अँटोनिओत क्षयाने मरणाऱ्यांचं प्रमाण देशातल्या सर्वांत वाईट शहरांत गणलं जायचं. पण क्षय काही चिलीच्या वाटीतून येत नव्हता, तो यायचा शहराच्या पश्चिम भागातल्या मेक्सिकन वस्तीतून, जिथे गटार नव्हतं, नळ नव्हता, एका खोलीत आठदहा माणसं आणि तिथेच दिवसभर पिकान (अक्रोडासारखा सुकामेवा) फोडायचं काम. त्याच पिकान कामगारांनी १९३८ च्या जानेवारीअखेर मोठा संप केला, एमा तेनायुका नावाची विशीतली पोरगी पुढे होती, हजारो लोक, बहुतेक बायका. घरं सुधारायला १९४० च्या आसपास सुरुवात झाली, सरकारी अलासान वसाहत बांधून, ती एका धर्मगुरूने केंद्र सरकारच्या मागे लागून मिळवली. टेबलं मात्र त्याआधीच उठली होती. १९३९ मध्ये महापौर मॉरी मॅव्हरिकने त्यांना जाळीच्या तंबूत, नियम घालून परत आणून बघितलं, पण ते काही टिकलं नाही आणि महायुद्धाच्या काळात तो प्रकार संपला.

उरलं बोलणं. या तिघींत सगळ्यात जास्त मार, अगदी शब्दशः मार, तिला बसला.

टेक्सासने १९१८ मध्ये कायदा केला की शाळेत इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत शिकवणं हा गुन्हा. त्यात जर्मनही सापडले, महायुद्ध चालू होतं ना, पण जर्मन मुलं दोनेक पिढ्यांत इंग्रजीत विरघळली आणि मेक्सिकन मुलं दिसायला वेगळी म्हणून वेगळीच राहिली. वर्गात, मैदानावर, संडासातसुद्धा स्पॅनिश बोललं की शिक्षा: छडी, दंड, शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणं. आणि तरी घरी, वस्तीत, गॅरेजमध्ये जी भाषा बोलली जात होती ती दोन्हींची मिळून. जेवणाला लोंचे, ट्रकला त्रोका, गाडी लावायची तर पार्केआर, आणि वाक्य स्पॅनिशमध्ये सुरू होऊन इंग्रजीत संपणार. मेक्सिको सिटीचे लोक हिणवायचे, शाळेतल्या बाई मारायच्या.

१९६८ हे वर्ष इथे फार बोलकं आहे. एप्रिलमध्ये सॅन अँटोनिओत "हेमिसफेअर" नावाचं जागतिक प्रदर्शन सुरू झालं, शहराची अडीचशे वर्षं म्हणून, आणि त्याचं घोषवाक्य होतं अमेरिका खंडातल्या संस्कृतींचा संगम. मेक्सिकन खाणं, मेक्सिकन गाणं, सगळं सजवून ठेवलेलं. त्याच दिवसांत त्याच शहरात लॅनिअर हायस्कूलची मेक्सिकन-अमेरिकन मुलं मागणी करत होती की आम्हाला शाळेत स्पॅनिश बोलू द्या आणि नुसते सुतारकामाचे वर्ग नकोत, कॉलेजला जाता येईल असं शिकवा. १६ मे रोजी एजवूड हायस्कूलची मुलं वर्ग सोडून बाहेर पडली, पात्र शिक्षक नाहीत आणि इमारत मोडकळीला आलीय म्हणून. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने सॅन अँटोनिओतच सुनावणी घेतली आणि मुलांनी साक्षीत शिक्षांचं वर्णन केलं. १९६९ मध्ये टेक्सासने द्विभाषिक शिक्षणाला परवानगी दिली, १९७३ मध्ये त्याची रीतसर तरतूद केली. पन्नास वर्षं गेली होती.

या मधल्या काळात भाषेचा धंदा कोणी केलाच नाही असं नाही. राऊल कोर्तेझने १९४६ मध्ये सॅन अँटोनिओत केकॉर हे रेडिओ स्टेशन काढलं, मेक्सिकन-अमेरिकन मालकाचं, पूर्णवेळ स्पॅनिश. १९५५ मध्ये त्याने टीव्ही चॅनेलही काढलं, ते विकलं गेल्यावर त्यातूनच पुढे युनिव्हिजन हे अवाढव्य जाळं उभं राहिलं. पण बघा, विकली गेली ती स्पॅनिश म्हणून स्पॅनिश. मिसळलेली भाषा दुकानात ठेवायला कोणाला सुचलं नाही, ती १९७५ मध्ये गाण्याच्या पाठीवर बसून बाहेर आली. फ्रेडी फेंडर, मूळ नाव बाल्देमार उएर्ता, गोऱ्यांच्या बाजारात चालावं म्हणून आडनाव गिटारच्या कंपनीवरून घेतलेलं. त्याने एका कंट्री गाण्याचं एक कडवं इंग्रजीत आणि एक स्पॅनिशमध्ये म्हटलं आणि ते अमेरिकेत पॉपच्या आणि कंट्रीच्या दोन्ही याद्यांत पहिल्या नंबरावर गेलं. पुढे १९८९ मध्ये तो, फ्लाको हिमेनेझ, आणि सॅन अँटोनिओचेच डग साम आणि ऑगी मायर्स असे चौघे टेक्सास टॉर्नेडोज म्हणून एकत्र आले, दोन मेक्सिकन दोन गोरे, आणि १९९१ चं ग्रॅमी त्यांना मिळालं ते फ्लाकोच्या वडिलांनी रचलेल्या गाण्यासाठी. फ्लाको २०२५ च्या जुलैअखेर वारला, ८६ वर्षांचा होता.

भाषेचं जे नुकसान व्हायचं ते मात्र झालंच. मार खाल्लेल्या पिढीने ठरवलं की आपल्या पोरांना हे नको, आणि घरात इंग्रजी आणलं. हुलिआन कास्त्रो २००९ ते २०१४ सॅन अँटोनिओचा महापौर होता, त्याची आई रोझी कास्त्रो चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांच्या, चळवळीतली नावाजलेली कार्यकर्ती, आणि तरी त्याला स्पॅनिश सफाईने बोलता येत नाही हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. त्यावरून त्याला टोमणेही खूप मिळाले, जे मला अन्यायाचे वाटतात, कारण एका पिढीला बोलल्याबद्दल शिक्षा आणि पुढच्याला न बोलल्याबद्दल.

तर या प्रकरणातून मी काढतो ते असं. मिसळणं तिन्ही बाबतीत खालूनच झालं, गरजेपोटी, कोणी ठरवून नाही. फरक पडला तो वस्तू माणसापासून सुटी करता येते की नाही यावर. चव बाटलीत भरता आली, म्हणून ती सगळ्यात लवकर, सगळ्यात लांब गेली आणि करणारी बाई तिथेच राहिली. सूर अर्धवट सुटा करता आला, नाव खोडता आलं पण हात नाही, म्हणून वादकाला पैसा उशिरा आणि कमी मिळाला तरी मान मिळाला. भाषा माणसापासून काढताच येत नाही, त्यामुळे ती हवी तर माणूस घ्यावा लागतो, आणि माणूस कोणालाच नको होता तोवर ती शिक्षेचीच गोष्ट राहिली. "अमेरिकेला मेक्सिकन खाणं आवडतं पण मेक्सिकन नकोत" असं जे नेहमी म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते नुसतं मनाच्या कोतेपणावर ढकललं की ही बाटली-तबकडी-जिभेची यंत्रणा दिसत नाही.

एक गोष्ट मात्र या हिशोबात बसत नाही आणि मला तीच सगळ्यात आवडते. गेबहार्टची पावडर परत आली. टेक्सासमधल्या असंख्य मेक्सिकन-अमेरिकन घरांत एंचिलाडावर जी तपकिरी ग्रेव्ही ओततात ती याच पावडरीची असते, आजीच्या हातची म्हणून सांगतात ती रेसिपीसुद्धा, आणि त्या आजीला कोणी म्हटलं की ही तर जर्मन माणसाची पूड, तर ती तुम्हाला दुसरी वाढणार नाही. मेक्सिकोत ही ग्रेव्ही करत नाहीत, कारण त्यात पीठ परततात, जे बरंचसं गोऱ्या दक्षिणेकडच्या स्वयंपाकाचं. २०१७ मध्ये युनेस्कोने सॅन अँटोनिओला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून यादीत घेतलं.

करून बघायची असेल तर सोपी आहे: पाव वाटी चरबी किंवा तेल, तेवढाच मैदा, मंद आचेवर बदामी होईपर्यंत परतायचा, मग दोन मोठे चमचे ती अमेरिकन चिली पावडर, लसूण, मीठ, आणि दोन वाट्या पाणी किंवा रस्सा हळूहळू ओतत गुठळ्या मोडायच्या. ती पावडर इथे मिळाली नाही तर ब्याडगी मिरची, जिरं आणि चिमूटभर ओरेगानोवर भागतं, फक्त हिंग-मोहरीची फोडणी द्यायचा मोह आवरा.